बंबवालीची पकड

मित्रांनो, मला भेटायला येणारा प्रत्येक जण मला मुठीत धरतो आणि दातओठ खाऊन दाबतो. मला त्याचा राग नाही, कारण तेच माझे काम. मी हाताच्या पकडीची ताकद मोजणारा एक जुना मापक आहे. पोटात पोलादी स्प्रिंग, तोंडावर तबकडी, तिच्यावर एक काटा.

हाडांच्या दवाखान्यात, व्यायाम शिकवतात त्या खोलीत माझी उमेदीची वर्षे गेली. प्लास्टर निघालेला प्रत्येक हात आधी माझ्याकडे येई. मोठे डॉक्टरसुद्धा "काटा काय म्हणतो?" असे विचारूनच पुढे बोलत. मग बॅटरीवरचा चकचकीत मापक आला आणि माझी रवानगी खालच्या खणात झाली. तिथे मी गंजत पडलो. एक दिवस तो नवा टेबलावरून पडून फुटला, तेव्हा खोली सांभाळणाऱ्या मॅडमनी मला शोधून काढले, तेल दिले, वजने टांगून तपासले. काटा अजून चोख होता.

त्याच आठवड्यात बंबवाली आली. अग्निशमन दलातली बाई. सहकाऱ्यांनी पाडलेले हे नाव तिलाही आवडत असे. शिडीवरून पडून तिचे मनगट मोडले होते. हाड जुळले होते, पण काटा ठरलेल्या खुणेपर्यंत गेला तरच तिला पुन्हा बंबावर घेणार होते. नाहीतर कायमची फोनजवळची खुर्ची.

तिने दाबले. काटा खुणेच्या बराच अलीकडे थांबला. तिचा चेहरा उतरला.

"येण्याआधी काय करत होता?" मॅडमनी विचारले.

"विशेष काही नाही. वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या चादरी धुतल्या, पिळल्या."

"म्हणजे हात दमवूनच आणलात. बसा जरा."

विश्रांतीनंतर काटा खुणेला टेकला. मग मॅडमनी तिला एकदा जोरात दाबायला लावले, थोडे थांबवले आणि पुन्हा दाबायला सांगितले. काटा खूण ओलांडून पुढे गेला. बंबवाली माझ्याकडे बघतच राहिली.

"हात तोच ना?"

"तोच. काम केलं की स्नायू थकतो, पण जागाही होतो," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही एकदमच चालू असतं. काम बेताचं असलं आणि मग थोडं थांबलं, तर थकवा आधी ओसरतो आणि जाग उरते. चादरींनी मात्र नुसता थकवाच ठेवला होता. हा आकडा लिहू का?"

ती मनगट चोळत राहिली. तिला हवे ते समोर आले होते.

"नको," ती म्हणाली. "आग लागल्यावर मला कोण बसा म्हणणार? तिथं जिने चढून, पाइप ओढून मगच हात शिडीला लागतो. मला दमल्यावरचा आकडा हवा."

"एवढं तुमच्या साहेबांनी मागितलेलं नाही."

"ज्याला खांद्यावर घेऊन उतरायचं, तो मागणारच की."

मॅडमनी पेन खाली ठेवले. त्यानंतर ती कितीतरी वेळा आली. ओला टॉवेल पिळला, चेंडू दाबले, वजने उचलली. कधी काटा पुढे सरकला, कधी हटूनच बसला. ती त्याच्याहून हट्टी.

शेवटच्या चाचणीला ती भरलेल्या बादल्या घेऊन दवाखान्याचा जिना चढली-उतरली आणि दम न घेता तिने मला धरले. तिचा तळवा घामाने निसरडा झाला होता. तरीही माझी स्प्रिंग दबत गेली. काटा खुणेपाशी अडखळला, मग ती पार करून थांबला.

"आता लिहा," ती म्हणाली, आणि मग कुठे खुर्चीत बसली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेलपाणी करत जा. आम्ही उपयोगी पडतो. पण माझा काटा फक्त त्या घडीची ताकद सांगतो. समोरचा हात कुठून, काय उपसून आलाय, हे त्याला दिसत नाही. ते माणसाने विचारायचे असते. कुणाला कमजोर म्हणण्याआधी तेवढे विचारा.