वाया जाणारी ऊब

मित्रांनो, मी एक जुना गिझर आहे. न्हाणीघराबाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा असतो. देखणा मी कधीच नव्हतो. पण नवा होतो तेव्हा माझ्या पत्र्याखाली जाड अस्तर होतं. बाहेरून हात लावला तर आत कढत पाणी आहे हे कुणाला कळतही नसे. पुढे ते अस्तर खचून तळाशी बसलं आणि आतली उष्णता पत्र्यातून बाहेर झिरपू लागली. पाणी लवकर निवायचं, मी पुन्हा पुन्हा तापायचो.

"हा काय पॅसेज तापवायला ठेवलाय?" घरातले बाबा करवादायचे. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

माझ्यावर खूश होती ती फक्त त्यांची आई, घरातली आजी. तिची बोटं सांधेदुखीनं आखडलेली. रोज सकाळी ती माझ्या पत्र्याला दोन्ही तळवे लावून उभी राही. "तापलास का रे बाबा?" म्हणे. बोटं सैल झाली की नातीला हाक मारी आणि तिची शाळेची वेणी घाली. तिच्या वाट्याला घरातलं तेवढंच एक काम उरलं होतं. स्वतःसाठी गरम पाणी मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं. माझी ऊब नाहीतरी वायाच जात होती, म्हणून ती घ्यायला तिला संकोच वाटत नसे.

एक दिवस वायरमन आला. त्यानं मला जाड चंदेरी वेष्टण गुंडाळलं. "घातला बघा म्हातारबुवांना स्वेटर!" सगळे हसले. पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहू लागलं, विजेचं बिलही उतरलं. बाबांनी चक्क माझी पाठ थोपटली. काय सांगू, मी हरखून गेलो होतो!

दुसऱ्या सकाळी आजी आली. तिनं तळवे टेकले. वेष्टण गार होतं. तिनं हात जरा वर नेले, मग खाली. आजी, सगळं आत आहे गं, असं ओरडावंसं वाटलं मला. पण मी बोलणार कसा?

मग वेणी शाळेत पोचायच्या आतच सुटू लागली.

"आजी, उद्यापासून आई घालेल," नात म्हणाली.

"बरं बाई, आई घट्ट घालते," आजी हसली आणि तिनं फणी सुनेच्या हातात दिली.

"हात दुखतायत का गं?" बाबांनी विचारलं.

"छे रे, मला काय धाड भरलीय?"

आता ती सकाळी माझ्यापाशी थांबत नाही.

मित्रांनो, तुमच्या गिझरला वेष्टण जरूर घाला. उष्णता वाया घालवू नये, हे मी शंभरदा सांगेन. पण त्याआधी एकदा सकाळी लवकर उठून बघा, त्या पत्र्याला कुणाचे हात लागतात. आणि त्या हातांना तांब्याभर गरम पाणी न मागता द्या. माझ्या पोटात ते आता दिवसभर असतं.