दसऱ्याच्या हारानं आवळलेलं तोंड

मित्रांनो, मी एक जुनी, उन्हानं विटलेली केशरी झोळी. माझी दोन्ही तोंडं उघडी, म्हणून पोटात काही राहत नाही. वारा येतो आणि जातो. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांना ताडपत्र्या शिवून देणाऱ्या शिंप्यानं मला शिवलं. मळवलीपलीकडच्या डोंगराखाली पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, त्याच्या फाटकाजवळच्या खांबावर मी राहते.

पाण्यातले जंतू मारायला तिथे क्लोरीनची नळकांडी असतात. पाण्यात कणभर मिसळला तर हा वायू तुमचा रक्षक. मोकळा सुटला तर डोळे जाळतो, छाती कोंडतो. हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत सरपटत जातो आणि खोलगट जागी साचतो. वाऱ्याबरोबर तो कुठे निघालाय ते दाखवणं, एवढंच माझं काम.

झाडलोट करणाऱ्या बयाबाई मला 'झबलं' म्हणतात. शिवण उसवली की नातीचं झबलं शिवावं तसे बारीक टाके घालतात. ती नात, उज्ज्वला, समोरच्या भातशेतापलीकडच्या अंगणवाडीत जाते.

यंदा दसऱ्याला पंपाला, पान्यांना, वजनकाट्याला हार घातले.

"आन् हिला ओ?" बयाबाई म्हणाल्या. "वरीसभर उनात उभी ऱ्हाती बिचारी."

केंद्र सांभाळणारे सखारामभाऊ हसले. "घाला मावशी. तिचा बी दसरा!"

झेंडूचा दुपदरी हार. उडू नये म्हणून बयाबाईंनी तो माझ्या तोंडाशी तारेनं आवळला. खरं सांगू? मी सुखावले. जन्मात मला कुणी हार घातला नव्हता. पण त्यानं माझं तोंड मिटलं, आणि पूजेचा हार ओढून काढायचा नाही म्हणून तो तसाच राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी सखारामभाऊंनी नळकांडं बदललं. दर वेळी नवा वायसर घालायचा असतो. त्यांनी घाईत जुनाच बसवला. झडप उघडताच तिखट वास सुटला. ते आणि जोडीदार गणेश श्वास रोखून बाहेर धावले, भोंगा वाजवला. सखारामभाऊंनी वर बघितलं. मी मेल्यासारखी लोंबत होते.

त्यांनी अंगणवाडीच्या माधवीताईंना फोन लावला. "ताई, गॅस सुटलाय. पन वारा पडलाय. पोरं आतच बसवा."

मला ओरडावंसं वाटलं, मित्रांनो. वारा वाहत होता, थेट अंगणवाडीकडे. तिच्या पत्र्याच्या फटींतून वायू सहज आत शिरला असता.

"भाऊ, वारा कुटं पडलाय? भात बघा की!" बयाबाई किंचाळल्या. लोंब्या आलेलं भात अंगणवाडीकडे लवत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अगं बया! म्याच हिचं तोंड आवळलं!"

शेंगा काढायच्या आकडीनं त्यांनी हार ओढला. तार तुटली, माझी कड फाटली. मी घोटभर वारा प्यायले आणि ताठ झाले.

"ताई, पोरं भाईर काडा!" सखारामभाऊ फोनवर ओरडले. "वाऱ्याच्या पुढं पळू नका, वड्यात उतरू नका. वारा आडवा घ्या न् मारुतीच्या टेकाडावर चढा!"

गणेशनं पाण्याचा पाइप उचलला. "भाऊ, पानी मारू?"

"गळतीवर पानी? गॅस न् पानी मिळून लोखंड खातंय. भोक मोठं करतो व्हय रं? आधी बंबाला फोन लाव. मग मास्क घाल. दोघं मिळूनच जायचं."

पाठीवर हवेची टाकी घेऊन दोघं आत गेले आणि झडप बंद झाली.

बयाबाई मात्र टेकाडाकडे बघत बोटांवर पोरं मोजत होत्या. "येक, दोन, तीन..." अठरा पोरं झाली. एकोणिसावी, त्यांची उज्ज्वला, दिसेना. मग माधवीताई वर आल्या, कडेवर उज्ज्वला. बयाबाईंचा फोन वाजला.

"मावशी, खोकतीय जरा. पण डबा मागतीय."

बयाबाई मटकन फाटकातच बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. दुपारी डॉक्टरांनी सगळ्या मुलांना तपासलं, रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं. उज्ज्वला रात्री आजीच्या कुशीत शांत झोपली.

मित्रांनो, ज्या मायेनं मला टाके घातले, त्याच मायेनं माझं तोंड बांधलं. म्हणून मला पूजू नका. माझ्यावर काही टांगू नका, फाटले तर बदला. माझ्यासारखी झोळी तुमच्या गावात असेल, तर जाता-येता फक्त मान वर करा आणि विचारा, "आज कुठं गं?"

मी सांगेन.