वाळूतली नाव

कासाबाईने लुगडं गुडघ्यावर खोवलं आणि पाण्यात पाय घातला. मागे न बघताच ती सुनेला म्हणाली, “माझ्या पावलामागं पाऊल टाक. इथली वाळू दगा देती.”

तानुबाई मागोमाग उतरली. चैत्र संपत आला होता. गंगा, म्हणजे गोदावरी, आटून दोन बारीक धारांवर आली होती आणि मधे सगळी वाळूच वाळू पसरली होती. त्या वाळूच्या पलीकडच्या कडेला भादव्यातल्या पुरात बुडालेली नाव उघडी पडली होती. लांबून ती मरून पडलेल्या म्हशीसारखी दिसत होती.

पुढे येडबा नावाडी चालला होता. नाव उलटली तेव्हा पोहून निघालेला तो एकटाच; पण त्या दिवशीच्या गर्दीत कोण कोण चढलं होतं, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. त्याच्या मागे गावचे पाटील दिनकरराव, हातात वहाणा घेऊन. पाणी ओलांडल्यावर ते थांबले. सासू पुढे गेली तसे तानुबाईला हळूच म्हणाले, “नाक्यावरचा जमादार मला सारखा इचारायलाय. अंगद बुडाला का कॅम्पात गेला? सगळ्यांची प्रेतं घावली, ह्याचंच कसं न्हाई? मी काय सांगू त्याला?”

“मी बाईमाणूस, मालक. मला काय ठावं?” तानुबाई म्हणाली आणि भरभर पुढे निघाली.

तिला सगळं ठावं होतं. तिचा नवरा अंगद त्या नावेत चढलाच नव्हता. पलीकडच्या गावाला मेंढा बघायला जातो असं चार जणांना सांगून तो घराबाहेर पडला होता, आणि ओढ्याच्या आडून पूर्णेच्या अंगाने वऱ्हाडाकडे निघून गेला होता. निजामाच्या राज्याविरुद्ध उठलेली पोरं तिकडे हद्दीपलीकडे कॅम्प करून राहत होती. अशा माणसाचं घर रझाकार जाळत, जित्राबं हाकून नेत. म्हणून त्याने बायकोला तेवढं सांगितलं होतं आणि आईलाही कळू देऊ नकोस म्हणून बजावलं होतं. त्याच दिवशी नाव बुडाली. गाव ऊर बडवत घाटावर धावलं तेव्हा तानुबाईही पदर तोंडात कोंबून रडली होती, आणि मनात मात्र गंगेला हात जोडत होती.

कासाबाई रडली नव्हती. “डोळ्यानं बघितल्याबिगर मी लेकाला मेला म्हणणार न्हाई,” असं तिने बायकांना ठणकावलं होतं. सुनेचं कुंकू कुणाला पुसू दिलं नव्हतं. तानुबाईला तेव्हा केवढा धीर आला होता. पण त्या हट्टानेच पाटलाच्या मनात पाल चुकचुकली होती. आणि काल म्हातारी आपण होऊन पाटलाच्या दारात गेली. नाव उघडी पडली म्हणत्यात, मला तिथं न्या, म्हणाली. तेव्हापासून तानुबाईला एकच घोर लागला होता. तिथे काही सापडलं, कशाचं का हाडूक असेना, आणि म्हातारीने ते लेकाचं मानलं तर? जित्या नवऱ्याच्या नावाने चुडा फोडायचा? चालता चालता तिने दोन्ही मनगटं पदराखाली घेतली.

नाव कलती होऊन अर्धी रुतली होती. एका बाजूच्या फळ्या गेल्या होत्या, आत वाळू आणि सुकलेलं शेवाळ भरलं होतं. येडबा लांबच उभा राहिला. “माझ्यानं जवळ येववत न्हाई,” तो म्हणाला.

कासाबाई मात्र थेट नावेत शिरली. गुडघे टेकून दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. पाटील जरा वेळ बघत उभे राहिले, मग उन्हाने हैराण होऊन म्हणाले, “काकी, आता काय घावणार हाय तिथं? इतके महिने पाण्यात व्हती ती.”

म्हातारी ऐकेना. पाठमोरी होऊन ती पार पुढच्या टोकाशी सरकली, वाकली, आणि एकाएकी तिने असा हंबरडा फोडला की काठावरचे बगळे उडाले. वळली तेव्हा तिच्या हातात घोंगडीचा वाळूने माखलेला तुकडा होता.

“माझ्या लेकाचं हाय हे! माझ्या अंगदचं!”

पाटलांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला. “काळी घोंगडी काय, समद्या धनगरांची असती. ह्याचीच कशावरून?” त्यांनी तो तानुबाईपुढे धरला. “तू सांग. नीट बघून सांग.”

तानुबाईने तुकडा घेतला. नाही म्हणायचं तिच्या ओठावर आलं होतं. वाळू झटकताना बोटाला रफू लागलं. तांबड्या सुताचं, एका बाजूला ओढलं गेलेलं. अंगद निघाला त्याच्या आदल्या दिवशी तिनेच ते घातलं होतं, आणि हीच घोंगडी पांघरून तो वऱ्हाडाच्या वाटेला लागला होता. लोकर कोरडी होती. तिला नदीचा वास नव्हता, चुलीच्या धुराचा होता. कडेला एक भोक होतं. भोकाभोवतीची लोकर कडक, काळपट झाली होती.

तिने सासूकडे बघितलं. म्हातारी हंबरडा फोडत होती, पण डोळे सुनेवर रोखलेले होते.

“त्यांचीच हाय,” तानुबाई म्हणाली.

पाटलांनी उसासा सोडला. डोक्यावरचा पटका काढून ते क्षणभर उभे राहिले. “बरं. नाक्यावर सांगतो मी, बुडाला म्हणून. आता तुमच्या दाराला कुणी येणार न्हाई.” मग येडबाला हाक मारून ते पाण्याच्या वाटेला लागले.

ते दोघे धार ओलांडेपर्यंत कासाबाई ऊर बडवत राहिली. मग गप झाली.

“तुमाला कवापासून ठावं व्हतं, आत्याबाई?” तानुबाईने विचारलं.

“तो गेलेला? गेला त्याच दिवशी. निघताना उगंच माझ्या पाया पडला.” म्हातारीने तोंडावरचा घाम पुसला. “अन् हे परवा आपल्या भावकीतल्या आश्रुबानं आणून दिलं. मेंढ्या घिऊन तिकडं गेला व्हता तो. हद्दीवरच गोळी लागली म्हनला. तिथंच माती दिली पोरांनी.”

तानुबाई घोंगडीचा तुकडा मुठीत धरून बसली होती.

“घरात रडली असतीस तर बातमी आल्याचं भिंतीपलीकडं कळलं असतं,” कासाबाई म्हणाली. तिने सुनेचा चुड्याने भरलेला दुसरा हात पदराखालून बाहेर काढला आणि नावेच्या फळीवर टेकवला. “आता रड, बाई. मोठ्यानं रड. आता कुणाची चोरी न्हाई.”