माझ्या पोटातली एकतीस माणसं

मित्रांनो, माझ्या पोटात एकतीस माणसं आहेत. घाबरू नका, मी कोणाला खाल्लेलं नाही. मी एक जुना कटकट्या आहे, म्हणजे मुठीत धरून माणसं मोजायचं छोटं यंत्र. अंगठ्याने खटका दाबला की मी 'कट्' असा आवाज करतो आणि काचेमागचा आकडा एकाने पुढे सरकतो. बाजूची फिरकी फिरवली की सगळे आकडे शून्यावर येतात. बस्स, एवढीच माझी विद्या. त्या एवढ्याशा विद्येतही मी एकदा चुकलो, आणि ती चूक मला आजही गिळता येत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा कापून माझं अंग केलं आणि आत चार दातेरी चाकं बसवली. शेवटच्या टेबलावर एक मावशी बसायच्या. प्रत्येक यंत्राचा खटका त्या शंभर वेळा दाबायच्या आणि आकडा बरोबर शंभर आला तरच डबीत घालायच्या. मी पहिल्याच फेरीत पास झालो. त्याचा मला फार गर्व होता. आता तो आठवला तरी लाज वाटते.

मला विकत घेतलं ते एका गाईडबाईंनी. दोन परक्या भाषा शिकून, गाईडची परीक्षा देऊन त्या नुकत्याच पर्यटकांच्या बसवर लागल्या होत्या. बसचे ड्रायव्हरकाका अनुभवी आणि तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी दारात उभं राहून बाईंनी मला 'कट्, कट्' केलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, बस माझी आधीच खडखड करते. त्यात हा कटकट्या कशाला आणलात?"

"माणूस मागे राहू नये म्हणून, काका."

"मग असू दे. होऊ दे कटकट."

माझं नाव असं पडलं. बाईंची एक पद्धत होती. बस सुटण्याआधी त्या दोनदा मोजत. पहिली अंगठ्याची मोजणी. ती दारात, माझ्यावर, चढणाऱ्या माणसागणिक एक. दुसरी डोळ्यांची मोजणी. प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत त्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत जात. काका कधी वैतागून म्हणत, "कटकट्यावर भरवसा नाही होय?" त्यावर बाई म्हणत, "आहे ना. पण डोळ्यांना फुकट कशाला बसवून ठेवू?" मला थोडा राग यायचा. मी असताना डोळे हवेत कशाला, असं वाटायचं. किती मूर्ख होतो मी!

ती वर्षं सोन्यासारखी गेली. देशोदेशीची माणसं यायची. बाई त्यांना जुने वाडे, नक्षीचे खांब, राजांची भांडणं असं रंगवून सांगायच्या की दमलेली माणसंसुद्धा जिना चढायची. निरोप घेताना माणसं म्हणत, "तुम्ही होतात म्हणून आम्ही निर्धास्त फिरलो." पर्यटक नसण्याच्या दोन महिन्यांत बाई घरी मला वर्तमानपत्रावर उघडत, जुन्या दातांच्या ब्रशने झाडत आणि सुईच्या टोकावरून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब माझ्या चाकांवर सोडत. त्यांची लेक तेव्हा लहान होती. ती माझ्यावर आईचं 'थांब जरा, नंतर' मोजायची. एका रविवारी ते त्रेसष्ट झाले. मायलेकी पोट धरधरून हसल्या होत्या.

पुढे धंदा बदलला. आधी पर्यटकांच्या कानात यंत्रं आली, मग बाईंना ओरडून बोलायची गरज उरली नाही. नंतर फोनच माहिती सांगू लागला. प्रत्येक खांबापुढे एकेक माणूस कानात ती यंत्रं घालून उभा, आणि आमच्या बाई बाजूला पाण्याच्या बाटल्या सांभाळत. मोठमोठ्या बोटी हजारो माणसं आणून सोडू लागल्या. त्यांना चार तासांत सगळं शहर बघून हवं असायचं. काहींना वाडे नकोच झाले. त्यांना कोणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून कणीक मळायची असे. बाई तेही शिकल्या. सगळ्यात वाईट म्हणजे ते तारे. फेरी संपली की पर्यटक फोनवर गाईडला तारे द्यायचे. तारे कमी पडले की पुढची फेरी दुसऱ्याला. महिन्याचा पगार बंद होऊन फेरीमागे काम सुरू झालं होतं, त्यामुळे बाई दिवसाला दोन-दोन गट घेऊ लागल्या. सुट्टीचे दोन महिने गेले आणि त्यांच्याबरोबर माझा तेलाचा थेंबही गेला.

माझ्या पहिल्या चाकाचा एक दाता झिजला. खाचेत धूळ बसली. कधीतरी खटका एकदा दाबला तरी चाक दोन घरं पुढे जायचं. मला ते कळत होतं हो! पण मला 'कट्'पलीकडे बोलता येत नाही. चूक झाली तर बाईंच्या डोळ्यांच्या मोजणीत ती सापडायची. बाई म्हणायच्या, "माझाच अंगठा दोनदा पडला वाटतं," आणि पुन्हा मोजायच्या.

अशात ऑफिसने जाहीर केलं की सगळ्या गाईडांमधून एकालाच कायम ठेवणार. काम नव्या पोरांना शिकवायचं, आणि रविवारी सुट्टी. बाईंचं नाव सगळ्यात पुढे होतं. अठरा वर्षांत त्यांच्या बसमधून एकही माणूस मागे राहिला नव्हता. लेकीला त्या म्हणाल्या, "हे जमलं ना, तर दर रविवारी मी तुझी." लेक आता कॉलेजात होती. ती म्हणाली, "लवकर जमव बाई. मी म्हातारी व्हायच्या आत."

निकालाला तीन आठवडे उरले असताना पाच दिवसांची एक फेरी आली. एकतीस माणसं. त्यात एक आजोबा एकटेच होते. उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. आजींचे गुडघे दुखत म्हणून त्या घरी राहिल्या होत्या. "तुम्ही जाऊन या, मी फोटोत फिरेन," असं म्हणाल्या होत्या म्हणे. आजोबा शेवटच्या रांगेत बसायचे. शेजारची सीट रिकामी.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना ते माझ्यापाशी थबकले. कान जवळ आणून म्हणाले, "बाई, तुमच्या यंत्राचा सूर बदललाय. आतला दाता घसरतोय. द्या माझ्याकडे. दहा मिनिटांचं काम आहे."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझं दुखणं ओळखणारा तो पहिला माणूस! मी मुठीत नुसता थरथरलो.

बाई म्हणाल्या, "संध्याकाळी देते हं, आजोबा."

संध्याकाळी ऑफिसचे निरोप येत राहिले आणि बाई विसरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी पुन्हा विचारलं, "आज?"

"आज संध्याकाळी नक्की."

त्याच दिवशी दुपारी आम्ही टेकडीवरच्या राजवाड्यात गेलो. तिथल्या मनोऱ्यात एक अवाढव्य घड्याळ होतं. आजोबा त्याच्या चाकांपुढे उभे राहिले आणि वेळ विसरले. पाच वाजता वाडा बंद व्हायचा. खाली बसच्या दारात बाई माझ्यावर माणसं मोजत होत्या. दुसऱ्या हातात फोन. आधीच्या फेरीतल्या गटाने तारे कमी दिले होते आणि ऑफिसचे साहेब जाब विचारत होते. गटातली एक पर्यटक स्कार्फ सावरत चढली, मी 'कट्' केलं आणि माझा दाता घसरला. अठरावरून मी थेट वीसवर गेलो.

बसमध्ये तीस माणसं चढली. माझ्या काचेवर आले एकतीस.

मी मनात ओरडत होतो, बाई, आत जा, डोळ्यांनी मोजा! शेवटच्या रांगेत आजोबांची पिशवी, चष्म्याचं घर आणि फोन नुसते पडले होते. चार पावलं पुढे गेल्या असत्या तर दिसलं असतं. पण साहेब बोलतच होते. बाई फोन कानाला लावून पुढच्या सीटवर बसल्या.

"सगळे?" काकांनी विचारलं.

"एकतीस. चला काका."

हॉटेलवर पोचायला सव्वा तास लागला. बाई खोल्यांच्या किल्ल्या वाटू लागल्या. वाटून झाल्यावर त्यांच्या हातात एक किल्ली उरली. बाईंचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. त्या धावत बसमध्ये शिरल्या. तेवढ्यात शेवटच्या सीटवरचा फोन वाजला. बाईंनी उचलला. पलीकडून आजी म्हणाल्या, "अहो, चहा घेतलात का?"

बाईंना खरं सांगावं लागलं.  आजी हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या माणसाला कुठे ठेवलंत, बाई?"

काकांनी बस वळवली. वाटेत बाई मला दाबून बघत होत्या. पाच, सहा, सात, नऊ. पुन्हा शून्य. तीन, चार, सहा. काकांनी आरशातून पाहिलं. "म्हणजे ह्याने घात केला तर! ऑफिसात हेच सांग पोरी. खोटं थोडंच आहे?"

"ह्याला तेल घालायचं काम कोणाचं होतं, काका?"

काकांनी बसचा वेग वाढवला. मी शरमेने गार पडलो. मला शिव्या दिल्या असत्या, खिडकीतून फेकून दिलं असतं, तरी चाललं असतं.

आजोबा वाड्याच्या बंद फाटकापाशी पायरीवर बसले होते. बोचरा वारा सुटला होता. पहारेकऱ्याने आपला कोट त्यांच्या अंगावर टाकला होता, तरी त्यांचे हात लाकडासारखे ताठले होते. बाईंना पाहून ते म्हणाले, "यंत्राने उडी मारली ना? मला वाटलंच."

बाई पायरीवरच बसल्या आणि रडू लागल्या. "यंत्राने नाही, आजोबा. उडी मी मारली."

आजोबांना ताप भरला. चौथा दिवस त्यांनी हॉटेलात पांघरुणात काढला. आजींसाठी नावेतून फोटो काढायचे होते, ते राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी बाईंपुढे हात पसरला, "आता तरी द्या." टॉवेलवर मला उघडून त्यांनी सेफ्टी पिनने खाच साफ केली, दाता सरळ केला आणि हॉटेलच्या शिंपिणीकडून आणलेला तेलाचा एक थेंब सोडला. मग शंभर वेळा दाबून पाहिलं. आकडा बरोबर शंभर. त्या कारखान्यातल्या मावशींनंतर मला कोणी असं तपासलं नव्हतं.

"किती वेळ लागला?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं होतं की. दहा मिनिटं."

पाचव्या दिवशी निघताना बाई बसच्या दारात उभ्या राहिल्या. फोन बंद करून त्यांनी पिशवीत टाकला होता. आजोबा शाल गुंडाळून सर्वांत शेवटी चढले. मी एकतीस झालो. मग बाई सीटच्या पाठींना हात लावत शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या. डोळ्यांचेही एकतीस झाले. परत येऊन त्यांनी माझ्या फिरकीला बोट लावलं, काढून घेतलं आणि मला पर्समध्ये ठेवलं. ती माझी शेवटची मोजणी.

आजोबांनी तक्रार केली नाही. पण गटातल्या कोणीतरी सगळं फोनवर लिहिलं आणि एकच तारा दिला. ऑफिसात बाईंनी माझं नावही घेतलं नाही. "मोजणी माझी होती," एवढंच म्हणाल्या. कायमची जागा दुसऱ्या गाईडला मिळाली. हळूहळू फेऱ्याही बंद झाल्या. आता बाई एका संग्रहालयाच्या तिकीट खिडकीत बसतात. समोरून गाईड आपापले गट घेऊन जातात. संध्याकाळी घरी येऊन बाई सांगतात, "आज एकीने काय सुंदर सांगितलं गं!" आणि कणीक मळायला घेतात. रविवारी तर संग्रहालयात सगळ्यात जास्त गर्दी. म्हणजे तो रविवारही गेलाच.

मी बटणांच्या डब्यात पडून असतो. आता मी अगदी अचूक आहे, मित्रांनो. दाता घट्ट आहे, चाकं सुरेख फिरतात. पण मोजायला माझ्यापुढे कोणी नाही. वेळेवर दहा मिनिटं मिळाली असती तर! दिवसभर माझ्या डोक्यात हेच चालू असतं.

परवा बाईंच्या लेकीने डबा उघडला. ती आता स्वतः गाईड झाली आहे. सात-आठ जणांचे छोटे गट नेते. तिच्या फोनवर प्रत्येक पर्यटक ठिपका होऊन दिसतो. मला हातात घेऊन ती म्हणाली, "अय्या, कटकट्या! आई, चालतो का गं हा अजून?" आणि तिचा अंगठा फिरकीकडे गेला.

"शून्य करू नकोस!" बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"का गं?"

"सगळे आलेत त्यात."

लेकीने काचेवरचा आकडा पाहिला आणि मग आईकडे पाहिलं. मला तिने जपून डब्यात ठेवलं. जरा वेळाने विचारलं, "आणि मी कसं मोजू?"

"फोनने मोज. मग फोन पिशवीत टाक आणि शेवटच्या सीटपर्यंत चालत जा."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखाद्या यंत्राचा सूर बदलला असेल, किंवा एखाद्या माणसाचा. आम्हाला फार काही लागत नाही. एक थेंब तेल, दहा मिनिटं आणि जवळ आणलेला एक कान. तेवढं त्याच वेळी द्या. आम्हाला 'संध्याकाळी' असं सांगू नका.