छबूबाईच्या मरणाचा सांगावा

छबूबाईच्या थोरल्या लेकीचं, चंद्राचं, लग्न झालं आणि त्या लग्नाला सख्खी मावशी आली नाही, ते साल १९५५. लग्न माघात झालं. त्यानंतरच्या वैशाखात कावळ्यानं छबूबाईच्या परड्यातल्या शेवग्यावर घरटं बांधलं आणि तिच्या डोक्याला नवा ताप झाला.

घर निमगाव केतकीच्या कडेला, मळ्याच्या वाटेवर. पुढं ओसरी, मागं परडं. मळा पुरुषांचा, पण परडं तिचं एकटीचं. आडाचं पाणी शेंदून आणि न्हाणीचं पाणी वळवून तिनं ते राखलं होतं. वांग्याचे दोन वाफे, मिरचीचा एक, कुंपणावर चढवलेला दोडक्याचा वेल, कोपऱ्यात लिंबू आणि आडाला लागून शेवगा. एवढ्याशा जागेवर टपलेले मात्र गावभरचे. खारी दोडक्याची फुलं कुरतडायच्या. घूस रात्रीतून वाफ्याखाली भुयार काढायची. बुलबुलांना सगळ्या झाडावर नेमकी पिकलेली मिरची दिसायची. शेजारच्या आक्काबाईची शेळी कुंपणातल्या खिंडारातून मान घालायची, आणि आक्काबाई म्हणायची, ती नुसती बघती. छबूबाई या सगळ्यांशी एकाच सुरात बोलायची. "ये बाई, पाट मांडून ठेवलाय," असं घुशीला म्हणायची आणि बिळात चुलीतली गरम राख ओतायची.

पण बाकीच्यांना निदान वकील नव्हता. कावळ्याला होता. तो म्हणजे तिचा सासरा, आबाजी.

आबाजी घरट्यावरून पाऊस सांगायचा. घरटं झाडाच्या कुठल्या अंगाला आहे, शेंड्याला की मधल्या बेचक्यात, काड्या कशाच्या, यावर त्याचं सगळं गणित. यंदा घरटं पूर्वेच्या अंगाला, मधल्या बेचक्यात. म्हणजे पाऊस चांगला. ही बातमी चावडीवर गेली आणि रोज दोघं-चौघं माना वर करून परड्यात येऊ लागले. मान वर केलेल्या माणसाला आपले पाय कुठं पडतात ते दिसत नाही, आणि ते पडायचे नेमके वाफ्यात.

"मामंजी, ह्यांना ओसरीवरनंच सांगा की," छबूबाई म्हणाली. "घरटं काय पळून जातंय?"

"डोळ्यानं बगितल्याबिगर इस्वास बसत न्हाय, सूनबाई."

"मग डोळं घेऊन या म्हणावं. पाय घरी ठिवा."

आबाजी हसला. दुसऱ्या दिवशी तीन माणसं आली.

पुढं घरट्यात पिल्लं झाली. कावळी आता शेवग्याखालून जाणाऱ्या प्रत्येकावर झडप घालायची. पाणी तर शेंदायलाच हवं. छबूबाई डोक्यावर पालथं घमेलं घेऊन आडावर जाऊ लागली. एका हातानं घमेलं धरायचं आणि एका हातानं दोर ओढायचा. चार बादल्यांच्या जागी दोन व्हायच्या आणि त्यातली अर्धी तिच्याच लुगड्यावर सांडायची. फांदी तोडू का म्हणून तिनं नवऱ्याला, रामहरीला, दोनदा विचारलं. रामहरीनं दोन्ही वेळा बापाकडं बघितलं.

वांग्याची नवी रोपं लावली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती घाईत घमेलं विसरली. कावळी आली, नीट तिच्या अंबाड्यावर बसली, कपाळाच्या वर एक टोच मारली आणि उडाली. छबूबाईनं तिला चार शिव्या दिल्या, पाणी शेंदलं, रोपांना घातलं. इथवर काही बिघडलं नव्हतं. चूक पुढं झाली. कपाळाला हळद लावता लावता तिनं ती गोष्ट ओसरीवर बोलून दाखवली.

आबाजीच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. "टोचला का डोक्यावर बसला?"

"बसला म्हणजे काय, बाजंवर बसल्यागत बसला."

म्हाताऱ्यानं रामहरीला हाक मारली.

कावळा डोक्यावर बसला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं, असं तेव्हा सगळेच मानायचे. त्याला उपायही ठरलेला होता. ते माणूस मेलं म्हणून पाहुण्यांना खोटा सांगावा धाडायचा. पाहुणे खरं समजून रडले, की आलेलं मरण त्या रडण्यातच निघून जायचं. अट एकच. रडणाऱ्याला आधी कळता कामा नये.

"मला काई झालं न्हाय," छबूबाई म्हणाली. "माज्या मागं कामं हायती."

"तुला काई झालं म्हंजी रोपांना पाणी कोण घालंल?" रामहरी म्हणाला. बायकोवरची माया त्याला याहून वेगळी सांगता येत नसे.

सांगावा धाडायचा कुणाला, यावर घोळ सुरू झाला. छबूबाईचे आईबाप वारलेले. भाऊ नाही. चंद्रा भिगवणला नुकती नांदायला गेलेली, तिला कसं घाबरवायचं? राहिली एकच. कळंबची तानूबाई, छबूबाईची पाठची बहीण.

"तिला कशाला?" छबूबाई म्हणाली. "ती साखर वाटंल."

सात वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. आई वारली तेव्हा घरात वाटून घ्यावं असं काही नव्हतं. एक गाडगं तेवढं होतं, राखेत घातलेल्या दोडक्याच्या बियांचं. आईचा दोडका सगळ्या वाडीत नावाजलेला. हातभर लांब, आणि कडू म्हणून एक निघायचा नाही. तानूबाईनं ते गाडगं उचललं. निम्मं दे म्हटल्यावर म्हणाली, पुढच्या साली देते. पुढचं साल काही आलं नाही. चंद्राच्या लग्नाला अक्षत धाडली, तरी तानूबाई आली नाही. नवऱ्याला पाठवलं. तो जेवला आणि गेला.

"आपल्याला रडणारं माणूस पायजे," आबाजी म्हणाला. "सख्खी बहीण रडणार न्हाय तर कोण रडंल?"

हे छबूबाईला झोंबलं. कावळ्याची तिला भीती नव्हती. पण आता सांगावा जाणार, आणि तानी रडली नाही, हे सगळ्या घरापुढं दिसणार.

रामहरीचा चुलतभाऊ सिद्धू सायकल घेऊन निघाला. "काय झालं म्हणून सांगू?"

"पाणी शेंदता शेंदता गेली म्हण," रामहरी म्हणाला.

"पाणी शेंदताना नगं," छबूबाई आतून म्हणाली. "म्हणंल, मरूस्तवर बहिणीला राबवली. निजल्या जागी गेली म्हण."

"सकाळच्या पारी निजली हुती म्हणू?" सिद्धूनं विचारलं.

"मेल्यावर तरी निजू द्या की."

सिद्धू गेला. कुणी रडेपर्यंत छबूबाईनं बाहेर दिसायचं नाही, असं आबाजीनं बजावलं. ती मागच्या दाराशी बसली. ऊन चढलं. दारातून तिला वाफा दिसत होता आणि वाफ्यातली रोपं एकेक करून माना टाकत होती. लिंबावर खार बसली होती आणि तिला दिवसभर कुणी हाकलणार नाही हे कळल्यासारखी सावकाश खात होती.

सिद्धू दुपारी परत आला. पाणी प्याला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

"सांगितलं," तो म्हणाला. "भाकरी थापत हुत्या. ऐकून घेतलं."

"रडली का?" आबाजीनं विचारलं.

"डोळ्यात पाणी हुतं. पर चुलीचा धूर बी लई हुता, आबा. मला काई सांगता यायचं न्हाय."

"काय बोलली?"

"काईच न्हाय. मी निघालो तवा भाकर करपल्याचा वास आला तेवडा."

"तानीची भाकर करपत नसती," छबूबाई एकदम म्हणाली. मग तिला आपण बोललो याचाच राग आला.

आबाजीनं मान हलवली. "धूर चालत न्हाय. रडणंच पायजे. उद्या दुसरीकडं धाडू."

दुसरीकडं म्हणजे आणखी कुणाकडं तरी जाऊन विचारायचं, की हिच्यासाठी तुम्ही रडता का. ऊन कलेपर्यंत छबूबाई तशीच बसली, मग उठली, डोक्यावर घमेलं पालथं घातलं आणि बादली घेतली.

"सूनबाई, तू मेलीयास," आबाजी म्हणाला.

"व्हय. मेलेल्या माणसानं पाणी घालू नये असं कुटं लिवलंय का?"

ती आडावर गेली. कावळी घमेल्यावर आपटून गेली. दुसरी बादली वर येत होती तेवढ्यात आरोळी ऐकू आली. वाटेवरून नाही, कुंपणाच्या अंगानं. खिंडारातून तानूबाई आत शिरली. पदर पाठीवर, पाय अनवाणी, तोंड उन्हानं काळं पडलेलं. तिनं आडाकडं बघितलंच नाही. नव्या रोपांच्या वाफ्यातून सरळ चालत ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन कोसळली. तिच्या मागं बऱ्याच अंतरावर तिचा नवरा गेणू येत होता, स्वतःच्या वहाणा पायात आणि बायकोच्या हातात घेऊन.

छबूबाईनं तोंड उघडलं ते रोपांसाठी. पण उंबऱ्यावरून रडणं सुरू झालं होतं, आणि तिला बादली हातात घेऊन उभंच राहावं लागलं.

"माज्या आक्के गं," तानूबाई दाराच्या चौकटीला कपाळ लावून म्हणत होती. "मला न सांगता गेलीस गं. दोडक्याच्या बियांपायी तोंड फिरवलंस गं. लेकीच्या लग्नाची अक्षत माणसाहाती धाडलीस, बोलवाया आपण आली न्हाईस गं. आईमागं मला तू हुतीस, आता कुणासंगं भांडू गं..."

छबूबाई ऐकत होती. आपण पुढं व्हायला हवं हे तिला कळत होतं. पण रडणं पुरं झालं पाहिजे, हेही आबाजीनंच सांगितलेलं. म्हणून ती थांबली. खरं तर आणखी थोडं ऐकावं असं तिला वाटत होतं. सात वर्षांत कुणी तिच्याविषयी इतकं बोललं नव्हतं.

"बी घिऊन मी तुज्या दारात आले हुते गं," तानूबाई म्हणाली. "तू मला बगून दार लावलंस गं..."

"लावलं न्हवतं," छबूबाई म्हणाली. "लोटलं हुतं. कुत्रं येतं म्हणून."

रडणं थांबलं. गेणूच्या हातातल्या वहाणा खाली पडल्या. तानूबाईनं मागं वळून बघितलं. डोक्यावर घमेलं आणि हातात बादली घेतलेल्या बहिणीला तिनं पायापासून वर न्याहाळलं. मग ती उठली, जवळ आली आणि तिच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"जिती हाईस?"

"व्हय. आन् तू दारापातूर आली हुतीस, तर हाक माराया काय झालं हुतं? मी आत उभीच हुते."

"तू बाहेर याया काय झालं हुतं?"

तानूबाईनं बहिणीच्या खांद्यावर एक जोराची चापट मारली, तिथंच खाली बसली आणि दोन्ही पाय बादलीत घातले. तळव्यांना फोड आले होते. कावळ्याची हकीकत रामहरीनं चाचरत सांगितली.

"कावळ्यापायी," तानूबाई म्हणाली. "चार कोस मी उन्हात चालले. सगळी वाट रडले. वाटंनं माणसं थांबून बगत हुती."

"मी म्हणलं हुतं, बस येईस्तवर थांबू," गेणू म्हणाला. त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

तानूबाईची नजर कुंपणावर गेली. ती तशीच ओल्या पायानं उठली आणि वेलाजवळ जाऊन तिनं एक दोडका हातात धरला.

"आईचाच हाय," छबूबाई म्हणाली. "तू दिला न्हाईस तरी माज्याकडं आला. सरू कासारणीला सांगून तुज्या घरनं चोरून आणवला. तिला चार टायमाला वांगी दिली त्यासाठी."

"तिनं चोरला न्हाय. म्या दिला. तुला सांगू नगं म्हणले हुते."

छबूबाईनं आकाशाकडं बघितलं. चार वेळची वांगी तिच्या डोळ्यापुढून गेली.

ती काही बोलणार, तेवढ्यात शेवग्यावरून कावळी सुटली. तानूबाईच्या डोक्यावर पदर नव्हता की घमेलं नव्हतं. कावळी तिच्या अंबाड्यावर बसली, दोन वेळा पंख फडफडवले आणि गेली.

"बसला का?" आबाजीनं दारातून विचारलं.

"बसला," गेणू म्हणाला.

"मग सांगावा धाडायची गरज न्हाय. रडणारी हितंच हाय. आदी कळलं तर कळलं, सख्खी बहीण हाय, चालंल. सूनबाई, रड."

सगळे छबूबाईकडं बघू लागले. तिनं प्रयत्न केला नाही असं नाही. पण तिच्यापुढं तुडवलेला वाफा होता. अकरा रोपं आडवी झाली होती, त्यातली चार मोडलीच होती, आणि तिला नुसता संताप येत होता. म्हाताऱ्याचा, कावळीचा, कासारणीचा, दाराशी येऊन परत गेलेल्या बहिणीचा, दारामागं उभ्या राहिलेल्या स्वतःचाही.

"येत न्हाय," ती म्हणाली.

"मी चार कोस रडत आले," तानूबाई म्हणाली.

"मग ते पुरंल दोघींना. मला आदी रोपं उभी करू दे."

तानूबाईनं लुगडं खोचलं आणि ती वाफ्यात वाकली. "खोल लाव जरा," ती म्हणाली. "तुला आईनं कवा शिकवलंच न्हाय."

तिसऱ्या दिवशी वळवानं ती फांदी घरट्यासकट मोडली. त्या साली पाऊस बेताचाच झाला. घरटं जागेवर राहिलं असतं तर झाला असता, असं आबाजी म्हणत राहिला.

त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींकडं जायच्या-यायच्या आणि प्रत्येक वेळी भांडून परतायच्या. बियांची गाडगी दोन झाली. चार वर्षांनी, भाद्रपदात, कळंबचा माणूस सांगावा घेऊन आला. रामहरी त्याला म्हणाला, "कावळा बसला असंल." छबूबाई परड्यात होती. तिनं हातातलं खुरपं टाकलं आणि वाफ्यातून सरळ चालत ती खिंडारातून वाटेला लागली.

तानूबाई १९५९ च्या भाद्रपदात, पोळ्यानंतर चौथ्या दिवशी, कळंबला आपल्या घरी तापानं वारली. तिचं वय अडतीस होतं.