दाखल्याच्या कोपऱ्यातला घ-३

मी खुणेचं पेन बोलतोय. लाँड्रीत कपडा टाकला की कॉलरच्या आत, पट्ट्याखाली किंवा पडद्याच्या दुमडीत एक बारीक नंबर पडतो ना, तो घालणारा मीच. पावती लिहिणारं पेन वेगळं. ते काउंटरवर दोरीला बांधलेलं असतं आणि गिऱ्हाईकं त्याने कान खाजवतात. माझी जागा ड्रॉवरमध्ये, शाईच्या बाटलीशेजारी. मालकांशिवाय मला कोणी हात लावत नाही.

मी थोडा गर्विष्ठ वाटत असेन. आहेच. माझी शाई धुतली जात नाही. गरम पाणी म्हणू नका, सोडा म्हणू नका, ड्रायक्लीनिंगचं औषध म्हणू नका, ती कशालाच दाद देत नाही. कपडा विरून जातो, पण नंबर राहतो. जन्मभर मी याच गोष्टीवर मिशा पिळत आलो, आणि याच गोष्टीने एकदा माझी मान खाली गेली. तीच हकिगत सांगायची आहे.

माझं अंग पितळी, निब जाड. मालकांनी मला घेतलं ते एका कोटापायी. दुकान नवं होतं तेव्हा नंबर कागदावर लिहून टाचणीने लावायचे. एकदा टाचणी सुटली आणि एका नवरदेवाचा कोट भलत्याच माणसाच्या घरी गेला. नवरदेव थोरल्या भावाच्या कोटात उभा राहिला, बाह्या बोटांच्या टोकापर्यंत आलेल्या. मालकांनी ते मनाला फार लावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी मी दुकानात आलो, आणि मालकांचा कायदा ठरला: ज्याच्यावर खूण नाही ते हरवतं.

मग त्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. छत्री, चष्म्याचं घर, जेवणाचा डबा, उशांचे अभ्रे, सगळ्यावर मला फिरवलं. गिऱ्हाइकांना नुसता नंबर, घरच्यांना घ. घ-१ म्हणजे स्वतः, घ-२ म्हणजे इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असणाऱ्या वहिनी, मालकांच्या पत्नी, आणि घ-३ म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिच्या शाळेच्या मोज्यांवर, पट्टीवर, कंपासपेटीवर, जिथे तिथे घ-३. वर्गातल्या मुली तिला घतीन म्हणायला लागल्या आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. ते काही साबणाने जाणारं नव्हतं.

मालकांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, नंबर राहतात. रस्त्यात कोणी भेटलं की घरी येऊन सांगतात, आज दोनशे नऊ भेटले होते, बरेच वाळलेत. वहिनींना बरोबर कळतं कोण ते.

घतीनची शाळा संपली आणि तिने जाहीर केलं की तिला बिझनेसची पदवी घ्यायची आहे. मालकांना वाटलं होतं ती मास्तरीण होईल, नाहीतर औषधांचं काहीतरी शिकेल. धंदा शिकायला कॉलेजात जायचं, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. ते म्हणाले की मी काय पदवी घेऊन डाग काढतो का, आणि पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरायचं, पुस्तक कशाला हवं. घतीन वाद घालत बसली नाही. ती वहिनींवर गेली आहे, बोलते कमी आणि करते जास्त.

कपडे गुंडाळायचा मोठा तपकिरी कागद तिने दुपारी इस्त्रीच्या टेबलावर अंथरला. वहिनींनी त्यावरून इस्त्री फिरवून तो सपाट करून दिला. त्यावर पाच कॉलेजांचे पाच रकाने पडले. पहिल्या वर्षाला कोणते विषय, घरापासून किती लांब, वर्ग किती वाजता सुटतात, अर्जाची शेवटची तारीख कोणती. पाचही ठिकाणी ती स्वतः जाऊन आली. एका ठिकाणी परवानगी काढून मागच्या बाकावर बसून तास ऐकला. तिथल्या मुलांना तिने विचारलं की पुन्हा पहिल्या वर्षात बसवलं तर काय वेगळं कराल. एकाने गणिताकडे आधीपासून लक्ष देईन असं सांगितलं, म्हणून तिने त्याच आठवड्यात जुनं गणिताचं पुस्तक वर काढलं. एक नावाजलेलं कॉलेज तिने स्वतःच खोडलं, कारण तिथले तास संध्याकाळी, आणि संध्याकाळी दुकानात गर्दी. हे मालकांनी काउंटरवरून पाहिलं.

शेवटी एक कॉलेज ठरलं. अर्जासोबत एक पानभर लिहून द्यायचं होतं, हा अभ्यासक्रम तुम्हाला का घ्यायचा आहे म्हणून. तिने ते जुन्या पावत्यांच्या पाठीवर चार वेळा लिहिलं आणि पाचव्यांदा उतरवून पाठवलं. यादीत नाव लागलं. आता शुक्रवारी चारच्या आत मूळ कागद दाखवून प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा पुढच्या मुलाला जाणार.

बुधवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मालक पावत्यांचा गठ्ठा चाळत होते आणि घतीनचा खर्डा त्यांच्या हाती लागला. ते ओठ हलवत वाचतात, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

“मागच्या वर्षी बाबांची पाठ धरली आणि दुकान अकरा दिवस बंद राहिलं. आई इस्त्री करू शकत होती, मी कपडे घेऊ शकत होते. पण कोणत्या डागाला काय लावायचं आणि कोणत्या गिऱ्हाइकाला काय चालत नाही, हे फक्त बाबांच्या डोक्यात आहे. आमच्याकडे प्रत्येक रुमालावर खूण आहे. बाबांच्या डोक्यातलं मात्र कुठेच उतरवलेलं नाही. धंदा एका माणसाच्या पाठीवर उभा राहू नये. तो कसा उभा करतात, ते मला शिकायचं आहे.”

मालकांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. तो स्वच्छच होता.

घतीनची फाइल दुसऱ्या दिवशीसाठी काउंटरवर तयार होती. मालकांनी हात धुऊन कोरडे केले, मला बाहेर काढलं, चिंधीवर एकदा चालवून पाहिलं, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या खालच्या कोपऱ्यात आणि गुणपत्रिकेच्या कोपऱ्यात लिहिलं: घ-३. इतकं सुबक अक्षर मी आजवर काढलं नव्हतं. त्यांनी फुंकर घालून शाई वाळवली आणि फाइलवरून हात फिरवला. मीसुद्धा खूश होतो. अक्कल आम्हा दोघांनाही नव्हती.

गुरुवारी घतीन दुपारीच परत आली आणि फाइल काउंटरवर ठेवून उभी राहिली. कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनाने कागद घेतलेच नव्हते. एखाद्या कॉलेजने प्रवेश दिला की ते मूळ कागदाच्या कोपऱ्यात आपला नोंदणी नंबर घालतात, म्हणजे एकाच मुलाने दोन ठिकाणी जागा अडवू नये. घ-३ पाहून त्याने सांगितलं की तुमचा प्रवेश आधीच दुसरीकडे झालेला दिसतो. नसेल तर शाळेकडून आणि परीक्षा मंडळाकडून खूण नसलेल्या कोऱ्या प्रती आणा. तिने तिथूनच मंडळात फोन केला. गुणपत्रिकेची कोरी प्रत मिळायला तीन आठवडे लागणार होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “बाबा, हे तुम्ही केलंत?”

मालकांनी होकारार्थी मान हलवली. मग एकदम उठून त्यांनी फळीवरच्या सगळ्या बाटल्या खाली काढल्या. वीस वर्षं लोकांचे डाग काढणारा माणूस, एवढं बोटभर अक्षर निघणार नाही होय? तपकिरी कागदाच्या तुकड्यावर त्यांनी माझ्याकडून घ-३ काढून घेतलं आणि एकेक औषध लावून पाहिलं. कागदाची साल निघाली, भोक पडायची वेळ आली, अक्षर जागेवर. मला आजवर साधी शाई व्हावंसं कधी वाटलं नव्हतं. त्या दुपारी वाटलं.

तरी त्यांनी कापसाचा बोळा भिजवला आणि दाखला पुढे ओढला. घतीनने कागदावर आपला तळहात पालथा ठेवला.

“डाग राहिला तरी चालेल, कापड जाता कामा नये. तुम्हीच सांगता ना बाबा?”

मालकांनी बोळा खाली ठेवला आणि ते स्टुलावर बसले. वहिनींनी इस्त्री बंद केली. त्या म्हणाल्या की ज्याने खूण घातली त्यानेच जाऊन सांगावं, त्याला काय इतका विचार करायचा. मग तसंच ठरलं.

शुक्रवारी कामाच्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. मी मालकांच्या वरच्या खिशात, शाईची बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत. कॉलेजचं कार्यालय म्हणजे एक लांबट खोली, चार खिडक्या, भिंतीला टेकून बाकं, आणि नंबर पुकारणारी एक बाई. आपल्यालाही इथे नंबरच मिळाला, यावर मालक एरवी हसले असते.

कारकून वाईट माणूस नव्हता, पण सकाळपासून कागद बघून त्याचे डोळे शिणले होते. मालकांनी आपली कॉलर उलटी करून घ-१ दाखवलं. छत्री दाखवली, चष्म्याचं घर दाखवलं, घतीनच्या ओढणीचं टोक दाखवलं. रांगेतली मुलं तोंडावर हात ठेवून हसू लागली. घतीनचे कान लाल झाले, पण ती बाजूला सरकली नाही.

“काका,” कारकून म्हणाला, “हे सगळं तुम्ही आज सकाळीही घातलेलं असू शकतं. इथे रोज कोणी ना कोणी काहीतरी सांगतंच.”

खरंच होतं ते. मग मालकांची नजर कारकुनाच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या राखाडी कोटावर गेली आणि तिथेच थांबली.

“साहेब, तुम्ही एकशे चाळीस ना?” ते म्हणाले. “तुमच्या डाव्या खिशाचं अस्तर उसवलं होतं. आमच्या मंडळींनी शिवून दिलं. कपडे न्यायला नेहमी तुमचा भाऊ येतो.”

कारकुनाने खुर्ची वळवली, कोट हातात घेतला आणि कॉलर उलटी केली. १४०. कितीतरी धुण्यांतून गेलेला, तरी जसाच्या तसा. उठून दिसणारी तीच जाड निब, तोच शेवटाला ओढलेला फराटा. त्याने एकदा कॉलरकडे पाहिलं, एकदा दाखल्याकडे, आणि दोन्ही घेऊन तो आतल्या मॅडमकडे गेला. थोड्या वेळाने आम्हालाही आत बोलावलं.

मॅडमनी मालकांना कोऱ्या कागदावर दोन्ही नंबर लिहायला सांगितले. मालकांनी रुमालातून बाटली सोडली, मला बुडवलं आणि लिहिलं. अक्षर जुळलं. मग त्यांनी विचारलं की मुलीच्या मूळ कागदावर हे लिहायची बुद्धी तुम्हाला झाली तरी कशी.

“मॅडम, आमच्याकडे ज्याच्यावर खूण नाही ते हरवतं,” मालक म्हणाले. “हिचं काही हरवू नये, एवढंच डोक्यात होतं.”

मॅडम घतीनची फाइल चाळत होत्या. अर्जासोबतचं ते एक पान त्यांनी वाचलं, आणि वर बघून विचारलं, “ज्यांच्या डोक्यातलं कुठेच उतरवलेलं नाही म्हणतेस, ते बाबा हेच का?”

“हो,” मालक जमिनीकडे बघत म्हणाले. “वाचलंय मी ते.”

घतीनने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तो खर्डा त्यांनी वाचलाय हे तिला तेव्हा कळलं, आणि ती खूण का पडली तेही. कालपासून तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं, ते तिथे आलं. मॅडमनी मालकांकडून एक कबुलीजबाब लिहून घेतला, खुणेशेजारी शेरा मारून सही केली, आणि कोऱ्या प्रती तीन महिन्यांत आणून द्यायला सांगितल्या. चारला वीस मिनिटं होती. प्रवेश झाला.

कॉलेज सुरू व्हायला पाच आठवडे होते. त्या पाच आठवड्यांत एक जाड वही आली. दुपारी गर्दी ओसरली की मालक सांगतात आणि घतीन लिहिते. रक्ताचा डाग, थंड पाणी, गरम कधीच नाही. ती का म्हणून विचारते आणि मालक चिडतात, कारण का ते त्यांनाही नीट माहीत नसतं. मग दोघं मिळून तपासून बघतात. कोऱ्या प्रतीही आल्या. मालकांनी त्या हातात घेतल्या, एकदा ड्रॉवरकडे पाहिलं, आणि ड्रॉवर गुडघ्याने ढकलून घट्ट बंद केला.

मी आता थकलोय. निब झिजून एका बाजूला कलली आहे आणि या शाईची बाटली आता बाजारात मिळत नाही. मालकांकडे तळाशी उरलेली दोन बोटं शाई आहे. ती ते जपून वापरतात.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी घतीन नवी बॅग घेऊन दुकानात आली. मालकांनी मला काढलं, शाईत बुडवलं, बॅग जवळ घेतली आणि थांबले. मी त्यांच्या हातात वीस वर्षं आहे. त्यांनी खूण घालण्यापूर्वी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

“घालू का?” त्यांनी विचारलं.

घतीनने बॅगेची चेन उघडली, आतलं अस्तर बाहेर काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. “आतून घाला,” ती म्हणाली. “कॉलरला घालता तशी.”

तिनाचं शेपूट जरा पुसट उमटलं. मालक पुन्हा गिरवायला निघाले, तर ती म्हणाली राहू द्या, वाचता येतंय. बॅग खांद्याला लावून ती गेली.

तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी असेल, जीव लावून खूण घालणारं. त्याला ड्रॉवरमध्ये कोंडू नका. फक्त एवढं सांगा, की आधी विचार. आम्हाला ते शिकायला वीस वर्षं लागली.