करवंदीच्या जाळीपाशी दोन हात

कुशाबानं उभा जन्म पौडच्या स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांवर कंडक्टरकी केली. निवृत्त होऊन घरी बसला, तरी माणसाचं तोंड बघून याच्याकडे तिकीट आहे का नाही हे ताडायची खोड काही गेली नाही. कुणी जरा जास्त गोड बोललं की त्याच्या भुवया वर जायच्या. बायको उज्वला म्हणायची, "अहो, माणसं उगीचसुद्धा चांगली वागतात हो." त्यावर कुशाबा म्हणायचा, "वागतात की. पण कारण असल्याशिवाय न्हाई."

कुंपणाचं निमित्त झालं ते शेजारच्या भिवाजीच्या शेळ्यांमुळं. भिवाजी धनगर, कुशाबाच्याच वयाचा. त्याचं घर बांधापलीकडं, ओढ्याच्या अंगाला. मेंढरं त्यानं कधीच विकून टाकली होती, पण दहाबारा शेळ्या ठेवल्या होत्या आणि त्या शेळ्यांना उज्वलाची अबोली, दोडक्याचा वेल आणि नुकतं लावलेलं लिंबाचं रोप हे सगळं फार आवडायचं. कुशाबानं पूर्वी लोखंडी अँगल रोवून तार ओढली होती. पण मुळशीतला पाऊस तो. चार महिने धो धो धुऊन काढतो. तिसऱ्या पावसाळ्यात अँगल बुडाशी गंजले आणि तार हातानं मोडायला लागली. जांबे गावात राहणाऱ्या लेकानं फोनवर सांगितलं, "आबा, आता ॲल्युमिनियमचं करा. गंजायचं नाव नको. पैसे कमी पडले तर मी बघतो."

म्हणून एका सकाळी पौडचा वाल्मीक टेप घेऊन आला. खिडक्या, सरकती दारं, जिन्याचे कठडे असली कामं करणारा पोरगा, बोलायला मोकळा. त्यानं बांधाच्या कडेनं टेप धरली, उज्वलाला दुसरं टोक धरायला लावलं आणि मोबाईलमध्ये आकडे टिपत गेला.

"काका, खर्च दोन गोष्टींवर ठरतो," तो म्हणाला. "एक लांबी. दुसरं म्हणजे खांब किती आणि कोपरे किती. सरळ रेघ गेली तर स्वस्त. जिथं वळण, तिथं जास्तीचा खांब, जास्तीचा खड्डा, काँक्रीट, मजुरी."

"वळण कशाला येतंय? बांध सरळच हाय," कुशाबा म्हणाला.

तेवढ्यात भिवाजी बांधावर येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. या बांधावरून दोघांची पंचवीस वर्षं धुसफूस चालू होती. कधी भिवाजीनं नांगराचं एक तास बांध कोरून जास्त मारलं म्हणून, कधी कुशाबानं पाण्याची चारी सरकवली म्हणून. त्यामुळं आता हा कुरकूर करणार, दगड दाखवणार, हद्दीवरून आवाज चढवणार, अशी कुशाबानं मनात तयारीच केली होती.

भिवाजी मात्र शांतपणे म्हणाला, "कुंपण घालताय? बरं केलं. शेळ्यांचा माझ्या जिवालाबी घोर लागला व्हता." मग काठीनं बांधावरच्या करवंदीच्या जाळीकडं दाखवून म्हणाला, "एवढंच करा. त्या जाळीपाशी खांब बांधावर नका रोवू. तितं दोन हात माझ्या अंगाला सरका. पुढं पुन्हा बांधावर या."

कुशाबाला वाटलं आपण उलटं ऐकलं. "म्हंजे? तुझ्या रानात खांब रोवू?"

"व्हय."

"आणि जाळीची जागा माझ्या कुंपणाच्या आत?"

"येऊ द्या की. कुटं दूर चाललीय." भिवाजी वाल्मीककडं वळला. "वळणाचा जो काय जास्तीचा खर्च हुईल, त्यो माझ्या नावावर टाक."

एवढं बोलून तो शेळ्यांमागं निघूनही गेला. वाल्मीक खूश झाला. "असे शेजारी मिळायला नशीब लागतं, काका."

कुशाबाची नजर त्या करवंदीच्या जाळीवर खिळली होती.

संध्याकाळी वाल्मीकनं मोबाईलवर दोन अंदाज पाठवले, एक सरळ रेघेचा आणि एक वळणाचा. वळणाला दोन कोपरे वाढत होते, खांब वाढत होते. फरक तसा डोळ्यावर येण्याजोगा होता. कुशाबा त्या फरकाकडंच बघत राहिला. ज्या माणसानं एका चारीसाठी पंचायतीत आरडाओरडा केला, तो आज जमीनही देतो आणि वर पैसेही?

"फुकट मिळतंय तर घ्या की," उज्वला म्हणाली.

"तुला कळत न्हाई. उद्या ह्यो तहसीलात जाऊन सांगणार, कंडक्टरनं माझ्या रानात अतिक्रमण केलं, हे बघा खांब. मग मोजणी, मग नोटीस, मग मी खर्चानं केलेलं कुंपण उपटायचं."

"एवढं डोकं भिवाजींना असतं तर आजवर शेळ्या वळत बसले असते का?"

"डोकं कुणी शिकवलेलं असंल."

हा किडा एकदा शिरला तो बाहेर पडेना. रात्री जेवताना कुशाबाला वाटलं, मोठा रस्ता येणार असल्याची बोलवा आहे, त्याची आखणी जाळीवरून जात असेल. मग वाटलं, तिथं खाली जुनी पाण्याची लाइन असेल आणि खांब रोवताना ती सापडू नये म्हणून हा आटापिटा. दुसऱ्या दिवशी तो औषधं आणायला पौडला गेला, तर तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर साक्षात भिवाजी बसलेला. कुशाबा जागीच थबकला.

"हितं कुटं रं?" त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पेन्शनचं. हयात हाय म्हणून दाखवायला बोलावलंय," भिवाजी म्हणाला. "आंगठा उठत न्हाई मशीनवर. सकाळधरनं बसलोय."

उत्तर अगदी साधं होतं. म्हणूनच कुशाबाला ते पटलं नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तो मनाशी एकेक गोष्ट जुळवत आला आणि घरी पोचेपर्यंत त्याची खात्री झाली, की जे काही आहे ते जाळीच्या बुडाशी जमिनीत आहे. वाल्मीकला त्यानं फोन केला, "दोनचार दिवस थांब. रेघ कुठली धरायची ते अजून ठरलं न्हाई."

मग तो संधीची वाट बघत बसला. भिवाजी दुपारी शेळ्या घेऊन टेकडीकडं जायचा आणि त्याची बायको बानूबाई गवत आणायला ओढ्यापलीकडं. उज्वला दुपारची जरा पडायची. तशी एक दुपार बघून कुशाबानं पहार आणि घमेलं उचललं आणि जाळीपाशी आला.

ऊन रणरणत होतं. जमीन दगडासारखी कडक. करवंदीचे काटे दंडाला ओरबाडत होते, पण तो हट्टानं पहार मारत राहिला. वरचा थर फुटला, खाली माती मऊ लागली. ती मऊ माती बघून त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. म्हणजे इथं कुणीतरी आधी खणलेलं आहे! त्यानं हातानं माती उपसली. वीतभर खाली पहारीला टणकन आवाज आला. चपटा दगड होता. त्याच्याशेजारी दुसरा, नीट जुळवून ठेवलेला. असे दगड आपोआप बसत नाहीत. कुशाबानं पहारीचं टोक दोन दगडांच्या फटीत घातलं आणि रेटा द्यायला अंग झुकवलं.

"कंडक्टरभाऊ, नका."

आवाज मोठा नव्हता. बानूबाई बांधावर उभी होती. डोक्यावरचा गवताचा भारा तिनं केव्हाच खाली टाकला होता. ती लगबगीनं खाली आली, पण पहारीला हात घातला नाही. नुसती त्या खड्ड्याच्या कडेला बसली आणि दोन्ही हातांनी उकरलेली माती परत त्या दगडांवर लोटायला लागली.

कुशाबा ओशाळला, पण तोंडातून आधीचंच निघालं. "वैनी, मला सांगा, काय पुरलंय हितं? भिवाजी कशाला एवढा गोड बोलतोय?"

बानूबाईचे हात थांबले.

"पोर हाय," ती म्हणाली. "माझी पहिली पोरगी."

कुशाबाच्या हातून पहार सुटली. ती खाली पडून दगडावर वाजली, तशी बानूबाई दचकली.

"नऊ दिवसांची व्हती. नावबी ठेवलं नव्हतं. मी बाळंतिणीच्या खोलीत. सासऱ्यानं आन् ह्यांनी नेलं. कुटं ठेवली ते मला कुणी सांगितलं न्हाई. इचारायची तवा सोय नव्हती. पुढं पोरं झाली, समद्यांना वाटलं मी इसरले."

"मग तुमाला ही जागा..."

"बघून बघून कळतंच की." तिनं पदरानं तोंड पुसलं, तर मातीचा पट्टा गालावर उमटला. "बांध कोरताना हे हितवर आले की हात आखडता घ्यायचे. जाळी तोडू म्हणलं की अंगावर यायचे. शेळी हितं बसली तर हाकलायचे. एवढ्या वर्सांत माणूस काय लपवतोय ते बायकूला कळत न्हाई व्हय? पन मी कदी बोलले न्हाई. मला ठाव हाय हे त्यांना ठाव न्हाई."

भिवाजीशी केलेली भांडणं कुशाबाला एकेक करून आठवायला लागली. ते नांगराचं तास कुठं वाकडं गेलं होतं, ती चारी सरकवल्यावर भिवाजी एवढा का भडकला होता. चारी नेमकी जाळीच्या बुडाशी आली होती, हे त्याच्या आज ध्यानात आलं. खांबाचा खड्डा इथंच पडला असता. पोरीवर पहार पडण्यापेक्षा भिवाजीनं जागाच देऊन टाकायचं ठरवलं होतं.

"जागा माझ्या कुंपणात गेली असती तर तुमी हितं कशा आला असता?" त्यानं विचारलं.

करवंदीची एक डहाळी बानूबाईनं बोटांत धरली होती, तेवढीच हलवत राहिली. मग म्हणाली, "त्यांना सांगू नका, भाऊ. मी बोलले म्हणून सांगू नका. ते लई एकटं सोसत आलेत. आता या वयात उघडं पाडू नका."

दोघांनी मिळून माती पूर्ववत केली. कुशाबानं वरून वाळका पाला पसरला. जाताना बानूबाईनं भारा उचलायला त्याचा हात घेतला आणि मागं न बघता निघून गेली.

त्या रात्री कुशाबा नीट जेवला नाही. उज्वलानं दोनदा विचारलं, त्यानं ऊन लागलं म्हणून टाळलं. सकाळी उठून वाल्मीकला फोन लावला. "ये. रेघ ठरली."

वाल्मीक आला तेव्हा कुशाबानं जाळीपाशी स्वतःच्या बाजूला दोन हात मोजून खुंटी ठोकली. "वळण हितनं घे. जाळी बाहेर ठेव."

"काका, ही तुमचीच जागा जातेय!" वाल्मीक म्हणाला. "कोपरे तेवढेच, खर्च तेवढाच, आणि तो तिकडचा माणूस द्यायला तयार होता तो खर्चही तुमच्याच अंगावर येणार."

"येऊ दे. हितली जमीन पोकळ हाय, खांब धरायचा न्हाई."

वाल्मीकनं टाचेनं जमीन दाबून बघितली. ती चांगली कातळासारखी होती. त्यानं एकदा कुशाबाकडं पाहिलं आणि अंदाज दुरुस्त करून टाकला. उज्वला मात्र भडकली. "कालपर्यंत अतिक्रमण म्हणून झोप उडाली होती, आणि आज आपणच देऊन मोकळे? लेकाला काय सांगणार?" कुशाबा म्हणाला, "त्याला सांग, आबाच्या मनाला आलं." ती दिवसभर भांडी आपटत राहिली.

खड्डे पाडायला मजूर आले त्या दिवशी भिवाजी शेळ्या घेऊन गेलाच नाही. बांधावर घोंगडी टाकून बसला, तंबाखू मळत. रेघ आपल्या बाजूला येण्याऐवजी पलीकडं गेलेली बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. तो उठून खुंट्या बघून आला. पुन्हा बसला. पुन्हा उठला.

"कंडक्टर," शेवटी तो म्हणाला, "मी सांगितलं व्हतं माझ्या अंगाला सरका म्हणून. तुमी उलट का सरकला?"

"तसंच सोयीचं पडलं."

"सोयीचं कसं? जागा तुमची चाललीय." भिवाजीनं आवाज उतरवला. "खरं सांगा. मोजणीवाला येऊन गेला का काय? कुणी काय बोललं तुमाला?"

"कोन बोलतंय? कुणी न्हाई."

"मग एवढं मन मोठं कशापायी?"

कुशाबाला तोंडाशी आलेलं उत्तर गिळावं लागलं. आपण आजवर लोकांना असंच खोदून विचारत आलो आणि समोरच्याला काय वाटत असेल याचा विचार कधी केला नाही, हे त्याला तिथं उभ्याउभ्या जाणवलं. त्यानं नजर मजुरांकडं वळवली. ते जाळीपासून लांब, आखल्या रेघेवर पहार मारत होते. प्रत्येक घावाला भिवाजीचे डोळे तिकडं जात होते आणि घाव जाळीकडं न आल्याचं बघून परत येत होते.

"भिवाजी, च्या घे," कुशाबा म्हणाला.

उज्वलानं तोंड फुगवूनच दोन कप आणून ओट्यावर ठेवले. भिवाजी आला, टेकला, पण कपाला हात लावेना. कुशाबाच्या तोंडाकडं बघत बसला. कुशाबानं आपल्या कपातला एक घोट घेतला, मग दुसरा. तेव्हा कुठं भिवाजीनं आपला चहा बशीत ओतला.